फोटोत दाखवल्याप्रमाणे

मंगळवार, ७ मार्च

दादा,

तू आमच्या वेबसाइटवर आला होतास, हे मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस. वहिनीला तर मुळीच विचारू नकोस, कारण तिने मला शपथ घातली होती आणि ती मी पहिल्याच ओळीत मोडून मोकळी झालेय. तिच्यावर रागावू नकोस. ती मला महिन्यातून एकदा फोन करते, तुझ्यामागे, आणि प्रत्येक वेळी 'मी तुला फोन केलाच नाही' असं म्हणून ठेवते.

रविवारी दुपारी तू सव्वा तास मोबाइल कानाशी धरून बसला होतास म्हणे. नळाची एक तोटी हवी होती. सव्वा तासाने तू मोबाइल सोफ्यावर टाकलास आणि म्हणालास, "हिने मला इथूनही बाहेर काढलं."

'इथूनही'चं मी नंतर बघते. आज मला तेवढं धाडस नाही, आणि खरं सांगायचं तर आज माझं चित्तच थाऱ्यावर नाही. अरे, तू आलास. चार वर्षं आठ महिने तू या दुकानाचं नाव काढलं नाहीस, माझा एक फोन उचलला नाहीस. तोटी काय, कुठल्याही कोपऱ्यावर मिळते. तू ती आमच्याकडे घ्यायला आलास. मी सकाळपासून काउंटरच्या आत नुसती येरझारा घालतेय. एका प्लंबरने विचारलं, लॉटरी लागली का. मी म्हटलं, तसंच काहीसं.

मग मी शटर अर्धं खाली ओढलं, डोळ्यांना रुमाल बांधला, आणि मोबाइलमधली ती वाचून दाखवणारी बाई चालू करून आपल्याच दुकानात शिरले. काय ऐकू आलं ते तुला माहीत आहे, तरी मला सांगू दे. 'चित्र. आय एम जी चार चार सात एक. फोटोत दाखवल्याप्रमाणे. चित्र. आय एम जी चार चार सात दोन. फोटोत दाखवल्याप्रमाणे.' बाई दमत नाही. मी अकराव्या फोटोला रुमाल सोडला.

असं का झालं ते तुझ्याइतकं कोणाला कळणार? आपल्या धंद्यात वस्तूचं नाव घेतो कोण? गिऱ्हाईक खिशातून मोडका तुकडा काढतं, काउंटरवर ठेवतं, म्हणतं, 'असंच द्या.' आपण म्हणतो, 'हे घ्या.' बाबांनी उभा जन्म 'असं' आणि 'हे' या दोन शब्दांवर दुकान चालवलं. वेबसाइट केली तेव्हा मीही तेच केलं, फोटो काढले आणि चढवले. वर्णनाचा रकाना भरल्याशिवाय ती पुढे जाऊ देईना, म्हणून 'फोटोत दाखवल्याप्रमाणे' एकदा लिहिलं आणि अकराशे चाळीस वेळा चिकटवलं. एका दुपारीत काम उरकलं म्हणून स्वतःचीच पाठही थोपटली होती.

शेवटाला तर कहर आहे. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी सायकली असलेली चित्रं निवडा.' माझ्या सख्ख्या भावाला माझं दुकान विचारतं की बाबा रे, तू माणूस आहेस का. मी कपाळावर हात मारून घेतला.

तर ऐक. तू एकट्याने, कोणाचे डोळे उसने न घेता, आमच्याकडून एक वस्तू विकत घेशील, असं दुकान मी करून दाखवणार. त्याच्याआधी मी तुझ्याकडे काहीच मागणार नाही, उत्तरसुद्धा नाही. पत्रं मात्र पाठवत राहणार. ती बाई वाचेल. तुला ऐकायचं नसेल तर नको ऐकूस.

तुझी,
भिंगरी
(या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही, म्हणून मीच लिहिते.)


गुरुवार, १६ मार्च

दादा,

तोटी तू दुसरीकडून आणलीस आणि बसवलीसही, असं मला कोणीही सांगितलेलं नाही. छान झालं. घर गळत ठेवू नये.

इथे धमाल चालली आहे. आपल्या मागच्या गल्लीत एक फिजिओथेरपिस्ट आहेत, माझा खांदा धरला होता तेव्हा त्यांच्याकडे जायचे. जन्मापासून दिसत नाही त्यांना, आणि बोलायला अशा आहेत की खांदा बरा व्हायच्या आधी माणूस सरळ बसायला लागतो. त्यांना म्हटलं, आमची वेबसाइट तपासाल का. म्हणाल्या, "तपासते. पण मी चाचपडत असताना मधे बोलायचं नाही. डोळस लोकांना तेवढंच जमत नाही."

आल्या, काउंटरवर बसल्या, कीबोर्ड पुढे ओढला. माउसला हातसुद्धा लावला नाही. टॅबचं बटण दाबत एकेक जागा ऐकत गेल्या. मी दातांखाली जीभ धरून उभी. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "या पानावर दाबायच्या एकवीस जागा आहेत आणि एकीलाही नाव नाही. ही बया मला एकवीस वेळा 'दाबा' म्हणते. काय दाबू? तुमचा खांदा?"

त्या पुढे म्हणाल्या की मी त्यांना मेसेज पाठवते तेव्हा शेवटी जी सहा-सहा हसरी तोंडं टाकते, ती त्यांचा मोबाइल एकेक करून वाचतो. 'आनंदाश्रू असलेला हसरा चेहरा, आनंदाश्रू असलेला हसरा चेहरा.' सहा वेळा. तुझ्या वाढदिवसाला मी दर वर्षी जे पाठवत होते, त्यात केक, फुगे, फुलं धरून निदान वीस असायचे. आता कळलं तू उत्तर का देत नव्हतास. एक कारण तरी कळलं.

वेबसाइट बनवणारे गृहस्थही हजर होते. त्यांना काहीही सांगा, 'बरं, बघतो' म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना बघतोसाहेब म्हणतो. त्यांनी हळूच मला विचारलं की दिसत नसलेली माणसं खिळे-बिजागऱ्या कशाला घेतील. हळूच म्हणजे फिजिओबाईंना स्वच्छ ऐकू जाईल इतकं. बाई म्हणाल्या, "माझ्या कपाटाचा खटका मी बसवला. तुमच्या कपाटाचा कोणी बसवला?"

बघतोसाहेब म्हणाले, "सुताराने."

"मग?"

"बरं," साहेब म्हणाले, "बघतो." आणि खरंच बघितलं हो. त्या सायकली त्याच दुपारी काढून टाकल्या. एकवीस जागांना नावं दिली. आता बाई 'दाबा' म्हणत नाही, 'कुलुपांच्या यादीत जा' म्हणते.

पण खरी गंमत सोमवारी झाली. गंमत कसली, लाज. एक वेल्डर आले, धिप्पाड माणूस, आणि काउंटरवर तीन कागद ठेवले. आमच्याच तीन रद्द केलेल्या ऑर्डरी. प्रत्येकीवर मीच टाकलेला शेरा, 'गिऱ्हाईक फोन उचलत नाही.' मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइलवर टाइप करून दाखवलं, 'मला ऐकू येत नाही. तुम्ही मला तीनदा हाकलून दिलंत.' कारण आपल्याकडे पद्धत काय? ऑर्डर आली की फोन करून पक्की करायची. बाबांची पद्धत. तोंडाने हो म्हटल्याशिवाय माल बांधायचा नाही.

मी कान पकडले, अगदी खरोखर, त्यांच्यासमोर. ते हसले. आता 'फोन नको, मेसेज करा' अशी एक चौकट आहे आणि ती पहिल्या दिवशी चौदा जणांनी निवडली. त्यातल्या तेरा जणांना व्यवस्थित ऐकू येतं, मी विचारलं. नुसतं बोलायचा कंटाळा.

दादा, मला कित्येक वर्षांत कामाचा एवढा हुरूप आला नव्हता. सकाळी शटर वर करायला हात शिवशिवतात.

भिंगरी


सोमवार, ३ एप्रिल

दादा,

तीनशे दहा झाली. अकराशे चाळीसपैकी तीनशे दहा वस्तूंना आता स्वतःचं वर्णन आहे. माझी बोटं काळी पडलीत, ग्रीसचा वास जाता जात नाही, आणि मी महा खूश आहे.

सुरुवातीला मी डोळे उघडे ठेवून लिहिलं. 'सुंदर पितळी मूठ, आकर्षक नक्षी.' फिजिओबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आकर्षक कोणाला? तुम्ही वस्तू विकताय की स्थळ दाखवताय?" मग त्यांनी रीत घालून दिली. हातात घेतल्यावर जे कळतं ते आधी लिहायचं. मग माप. मग ती काय काम करते. रंग शेवटी, पण लिहायचाच, कारण त्यांना काळ्या दाराला काळीच मूठ हवी असते. म्हणून आता मी डोळे मिटून वस्तू हातात घेते, तोंडाने बोलते, आणि मोबाइल लिहून घेतो. एक नमुना ऐक.

'बिजागरी, लोखंडी, चार इंची. मिटवली की तळहाताएवढी. मधल्या कण्याला पाच गाठी, वरची आणि खालची बोथट. दोन्ही पात्यांना चार-चार भोकं. भोकांच्या कडा एका बाजूने खोलगट आहेत, स्क्रूचं डोकं त्यात बसतं आणि वर येत नाही. नवी असताना उघडायला कडक जाते. साध्या खोलीच्या दाराला तीन लागतात. करडा रंग.'

बरं जमलंय की नाही? एका सुताराने सांगितलं की बारा वर्षं बिजागऱ्या घेतोय, पाच गाठी असतात हे आज वाचून मोजलं.

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आहेत, हात थरथरतो त्यांचा. त्यांनी मागे चार कुलुपं मागवायला घेतली आणि चव्वेचाळीस आली, कारण आकडा वाढवायची खूण तिळाएवढी होती. बिचाऱ्यांनी मुकाट्याने ठेवून घेतली, संकोचापायी. आता ती खूण चांगली अंगठ्याएवढी केलीय, आणि दहाच्या वर आकडा गेला की वेबसाइट विचारते, 'नक्की ना?' जास्तीची चाळीस मी जाऊन परत आणली. मास्तरांनी मला चहा पाजला आणि बसल्या बसल्या वेबसाइटच्या अक्षरांचा रंग फिका आहे म्हणून झाडलंही.

आणि शनिवारी फिजिओबाईंनी ऑर्डर दिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यांनी, सहा मिनिटांत. शॉवरच्या पडद्याच्या आठ कड्या. 'ऑर्डर पोचली' असं बाई बोलली तेव्हा मी, बघतोसाहेब आणि आत उभा असलेला एक रंगारी, तिघांनी टाळ्या वाजवल्या. रंगाऱ्याला काही माहीत नव्हतं, त्याने नुसती साथ दिली.

दादा, तू दुकान सोडलंस त्या सोमवारी मी गिऱ्हाइकांसमोर तुला 'तू आत बस' म्हणायला नको होतं. गडबड होती, तोंडातून निघून गेलं. एवढंच.

भिंगरी


शुक्रवार, २१ एप्रिल

दादा,

मी काही ओळखलेलं नाही. मला काहीही कळलेलं नाही. मी तुला फक्त दुकानातली एक बातमी सांगतेय.

प्रत्येक वस्तूखाली आता एक छोटी पेटी आहे, 'वर्णनात चूक असल्यास कळवा.' नाव-पत्ता द्यायची गरज नाही. ही फिजिओबाईंची कल्पना. पहिला आठवडा पेटी रिकामी. मग दहा तारखेला एक टिपण पडलं. 'वस्तू २१२. कडीच्या खालच्या कडेला तुम्ही गुळगुळीत म्हणता. तिथे ओतकामाची रेघ असते, घाईत बोट कापतं. ते लिहा.'

मी जाऊन कडी काढली, बोट फिरवलं. आहे रेघ.

दुसऱ्या दिवशी दोन आली. 'मजबूत हा शब्द काढा. किती वजन धरते ते लिहा.' 'छोटासा म्हणजे किती? मोहरीएवढा का मुठीएवढा?' मग रोज. दहा दिवसांत एकोणीस टिपणं, सगळी सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान, सगळी त्याच ताठ आवाजातली. मी एकालाही उत्तर दिलं नाही, नुसती सुधारत गेले. मला वाटलं, उत्तर दिलं तर पाखरू उडून जाईल.

आणि मग काल सत्तावीस क्रमांकाच्या कडीवर टिपण आलं. 'ही पोटाशी फुगलेली असते, ते महत्त्वाचं आहे, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. जुने लोक हिला बेडकी म्हणतात.'

जुने लोक म्हणे. मी या बाजारातल्या सहा दुकानांत फोन करून विचारलं की बेडकी आहे का. एकाने मला प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर दिला. त्या कडीला बेडकी म्हणणारा या जगात एकच जुना माणूस होता, आणि त्याच्या हाताखाली फक्त दोन पोरं मोठी झाली. त्यातलं एक मी.

तेव्हापासून मी हवेत आहे. रस्त्यातून जाताना माणसं बाजूला होतात, इतकी मी स्वतःशीच हसत असते. बघतोसाहेबांना मिठी मारणार होते, ते घाबरून दोन पावलं मागे सरले. वर्णनात 'बेडकी' घातलं आहे, पहिल्याच ओळीत.

पण मी काही ओळखलेलं नाही. पेटी उघडी आहे.

भिंगरी


मंगळवार, ९ मे

दादा,

आठ दिवस झाले, पेटीत काही नाही. का ते मला माहीत आहे.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी बघतोसाहेबांनी वेबसाइट सुटसुटीत करायची म्हणून मांडणी बदलली. शोधायची जागा वरून खाली गेली, यादी डावीकडून उजवीकडे, 'ऑर्डर द्या' होतं तिथे 'सगळं रद्द करा' आलं. मला विचारून केलं. मी हो म्हटलं, दिसायला छानच होतं. सोमवारी सकाळी फिजिओबाई आल्या त्या तणतणतच. "तीन आठवडे लावून मी हे दुकान पाठ केलं. तिसऱ्या टॅबवर शोध, नवव्यावर ऑर्डर. आज नववा दाबला आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. बदला ना, पण सांगा तरी. ज्याला दिसत नाही त्याला न सांगता सामान हलवायचं म्हणजे काय असतं, कल्पना आहे तुम्हाला?"

बघतोसाहेब म्हणाले, सांगायचं राहून गेलं.

मी काउंटर सोडला. आत गेले आणि पिंपावर बसून राहिले. मला कल्पना होती, दादा. त्या खोलीतल्या सगळ्यांत मला सर्वांत जास्त कल्पना होती.

तुला मी आजवर जी पत्रं लिहिली त्यात 'तू आत बस' एवढंच लिहिलं. ते खोटं नाही, पण ते शेवटचं वाक्य होतं. त्याच्या आधीचं मी लिहिलं नाही. आता लिहिते.

त्या सोमवारच्या आधीच्या रविवारी दुकान बंद असताना मी भिंतीतले खण हलवले. सगळे नाही, मधल्या तीन ओळी. तू निघालास तेव्हा तुला म्हणाले की नवीन माल आला म्हणून लावालाव केली आणि सांगायचं राहिलं. राहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही. तुझी नजर आक्रसत आक्रसत पार गेली होती, आणि मी तुला तीनदा म्हटलं होतं की आता आत बस, हिशेबाचं ऐकून सांग, काउंटर मी बघते. तू तिन्ही वेळा हसलास आणि न बघता हवा तो खण ओढून दाखवलास. तुझा हात कधी चुकलाच नाही. वर्षभरात एकदासुद्धा नाही. मला भीती वाटायची की एक दिवस चुकशील, लोक हसतील, दुकानाचं नाव जाईल. आणि ती भीती संपेना म्हणून मला तू चुकायला हवा होतास. एकदाच, सगळ्यांसमोर, म्हणजे तुला स्वतःलाच पटेल.

सोमवारी तो गवंडी आला, दीड इंची स्क्रू मागितले. तू चौथ्या ओळीत हात घातलास, टांगायचे लोखंडी आकडे निघाले. वरच्या ओळीत घातलास, वॉशर निघाले. गवंडी हसला. तिसऱ्यांदा तू खण बाहेर न काढता आत बोटं फिरवलीस आणि थांबलास. तेव्हाच तुला कळलं. तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं की तुला कळलंय, तरी मी म्हणाले, "बघ, म्हणून म्हणत होते. दादा, तू आत बस." तू खण नीट आत सारलास, कोपऱ्यातली काठी घेतलीस आणि निघालास. खरं काय झालं ते तू वहिनीलासुद्धा सांगितलं नाहीस. ती अजून समजते की तू नजर गेल्याच्या रागात गेलास.

मी तुला फसवलं. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते. चार वर्षं मी 'दादा फार हट्टी' असं लोकांना सांगत फिरले. मार्चपासून एवढ्या उड्या मारत लिहिते आहे, त्यातलं बरंचसं खरं आहे, पण थोडं यासाठीही होतं की हे लिहावं लागू नये.

वेबसाइट त्याच दिवशी होती तशी लावून घेतली. आता नियम केला आहे. काहीही हलवायचं तर आठ दिवस आधी पहिल्या ओळीत लिहायचं, कुठून कुठे आणि कधी. बघतोसाहेब 'बघतो' म्हणाले नाहीत, 'चुकलं' म्हणाले.

यापुढे तू आला नाहीस तर मी समजेन.

तुझी धाकटी बहीण


मंगळवार, ३० मे

दादा,

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर आली. वस्तू, दाराचे खटके, पितळी, दोन नग. नावाच्या रकान्यात तुझं नाव, आडनावासकट. 'फोन करा की मेसेज' इथे मेसेज. घरी पाठवायचं की दुकानातून नेणार, इथे 'दुकानातून नेणार, शुक्रवारी सकाळी'. आणि सूचनेच्या रकान्यात एकच ओळ. 'खण सध्या कसे आहेत ते आधी लिहून कळवा.'

मी ती ओळ स्वतः वाचली. मग मोबाइलमधल्या बाईकडून वाचून घेतली. मग फिजिओबाईंना बोलावून त्यांना ऐकवली. त्या म्हणाल्या, "रडू नका, लिहायला बसा. लोक ऑर्डर देतात ती माल मिळावा म्हणून." समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मी मागितलेल्यांऐवजी भलतेच खिळे बांधून दिले. ते आत्ताच परत येऊन गेलं. माझं कशात म्हणून लक्ष नाही, आणि मला इतका आनंद झालाय की छातीत दुखतं.

आधी वाटलं, तू यायच्या आत सगळे खण पूर्वीसारखे लावून टाकावेत, तुझ्या हाताला सापडतील असे. चौथ्या ओळीला हात घातलाही होता. मग लक्षात आलं की ते परत तुला न सांगता हलवणंच झालं. म्हणून काढलेला खण होता तिथे सारला. एकही हललेला नाही. डोळ्यांना रुमाल बांधून दोनदा चालून बघितलं आणि मग हे लिहितेय. नीट ऐक.

रस्त्यावरून दारात एक पायरी होती, ती गेल्या महिन्यात काढली. आता उतार आहे, तीन पावलांचा, डाव्या हाताला गज. आत आलास की काउंटर समोर पाच पावलांवर, पूर्वी सहा होती, कारण काउंटर पुढे घेतला आहे. त्याची फळी उजव्या टोकाला उचलते, पूर्वी डाव्या टोकाला होती. आत शिरताना गुडघ्याच्या उंचीवर रंगाचे डबे असायचे, ते नाहीत, जागा मोकळी आहे.

खणांच्या भिंतीत ओळी आठच, प्रत्येकीत बारा. पहिल्या दोन ओळी तुझ्या वेळेसारख्याच, खिळे लहानापासून मोठ्यापर्यंत. तिसरी बदलली, डावीकडून सहा खण वॉशर आणि सहा नटबोल्ट. चौथी बदलली, पूर्ण ओळ आकडे आणि हुक. पाचवी बदलली, पूर्ण ओळ स्क्रू, अर्ध्या इंचापासून तीन इंचापर्यंत. सहावी आणि सातवी जुनीच, बिजागऱ्या आणि कड्या. आठवी, कमरेच्या खाली, तिथे कुलुपं आणि खटके. दोन खणांच्या मुठी निघाल्या आहेत, आठवीतला दुसरा आणि नववा, त्यांना खालून बोट घालून ओढावं लागतं. पितळी खटके आठवीतच, पाचव्या खणात.

ते मी काढून ठेवलेले नाहीत. शुक्रवारी मी बाहेर गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहीन. आत जाऊन तूच काढ.

भिंगरी